चल रंगपीठ-मीमांसा (वाशीम खंड)

गावाच्या उत्सवासाठी जे उघड्यावर संध्याकाळी उभे राहते, सकाळी नसते आणि ज्याचा खर्च वर्गणीच्या एकाच पावतीपुस्तकाला सोसतो, ते चल रंगपीठ. लोक याला स्टेज म्हणतात. विषय क्षुल्लक आहे असा आक्षेप येईल. परंतु विद्वानांनी याहून क्षुल्लक विषयांवर पदव्या घेतलेल्या आहेत. सबब विवेचनास आरंभ करतो.

१. पूर्वसूरी

या शास्त्राचे आद्य प्रवर्तक भरतमुनी. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय म्हणजे मांडववाल्याला दिलेली जगातली पहिली तपशीलवार ऑर्डर होय. मध्यम आकाराचे प्रेक्षागृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे, असे मुनी सांगतात. हात दीड फुटाचा धरला तर हे ९६ बाय ४८ फूट भरते. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांचे पटांगण एवढ्यातच आटोपते. मत्तवारणीची, म्हणजे रंगपीठाच्या बाजूच्या ओट्याची, उंची दीड हात. रंगपीठामागचे रंगशीर्ष कासवाच्या पाठीसारखे फुगीर नसावे, माशाच्या पाठीसारखेही नसावे, आरशासारखे सपाट असावे. भरावाला काळी माती घालावी. यावरून एवढे सिद्ध होते की मुनींनी भाद्रपदातली वाशीमची काळी माती पाहिलेली नव्हती.

दुसरे पूर्वसूरी राजशेखर. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच नगरात लावून दिले आहे. पाहुणेमंडळी दैवी, वर सरस्वतीचा मुलगा, वधू गौरीने घडवलेली. तरीही मांडवाचा एक पैसा खर्च दाखवलेला नाही, कारण विवाह गांधर्व पद्धतीचा होता. कमी खर्चात सोहळा उरकण्याची वाशीमची परंपरा अशी निदान हजार वर्षांची आहे. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला, ही त्यामानाने कालपरवाची गोष्ट.

२. द्रव्यविचार

प्राण्यांचे जसे अंडज, स्वेदज आणि जरायुज, तसे रंगपीठांचे ट्रॉलीज, ड्रमज आणि बाकज असे तीन वर्ग पडतात.

ट्रॉलीज रंगपीठ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून उत्पन्न होते. तिन्ही बाजूंचे फाळके पाडायचे, झाडून घ्यायचे, सतरंजी टाकायची, की झाले. झाडूनही फटींत सोयाबीनचे दाणे उरतात आणि लेझीमवाल्या पोरांच्या तळव्यांना ते पहिल्या मिनिटात सापडतात.

ड्रमज रंगपीठाला २०० लिटरचे लोखंडी ड्रम लागतात. ड्रमची उंची ८८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मुनींच्या दीड हातापेक्षा जवळजवळ वीतभर जास्त. ड्रमांवर बल्ल्या, बल्ल्यांवर सेंट्रिंगच्या तीन बाय दोन फुटी प्लेटा, बाइंडिंगच्या तारेने आवळलेल्या. १२ बाय १२ फुटांच्या स्टेजला २४ प्लेटा बसतात. ड्रम नऊ हवेत. काटकसरी मंडळे आठांत भागवतात आणि गाळतात तो नेमका मधला. मग मुख्य नर्तिका जिथे उभी राहते तिथे रंगपीठ खोल जाते आणि मुनींचे कासव उताणे पडते. शिवाय प्लेट दोन-चार स्लॅब खाऊन आलेली असते. आरशाचा गुण तिच्यात एवढाच, की तिच्याकडे पाहून गवंड्याचा स्वभाव कळतो.

बाकज रंगपीठ शाळेतली बाके जोडून होते. पहिलीचे बाक आणि सातवीचे बाक यांच्या उंचीत शिक्षण खात्याने फरक ठेवलेला आहे. मंडळाने तो मान्य केलेला नसतो. सुतळीने पाय बांधल्यावर बाके एकजीव होतात, उंची मात्र होत नाही.

३. ऋतुसिद्धान्त

आता प्रबंधाचा गाभा. कोणत्या उत्सवाला कोणते रंगपीठ, हे मंडळाचा अध्यक्ष ठरवतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ते पीक ठरवते.

भाद्रपदात सोयाबीन शेतात उभे असते, म्हणून ट्रॉली रिकामी असते. पावसामुळे स्लॅबची कामे मंद, म्हणून प्लेटाही रिकाम्या. पण काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते. तिच्यावर ड्रम ठेवले तर सगळे एकदम रुतत नाहीत. एकेक करून, आपापल्या मर्जीने रुततात. त्यामुळे गणपती ट्रॉलीज असतो आणि ट्रॉली सिमेंट रस्त्यावर लागते.

आश्विनात सोयाबीन काढणी. ट्रॉली शेतातून खळ्यावर आणि खळ्यावरून बाजार समितीत. तिला या दिवसांत कार्यक्रमासाठी मागणे म्हणजे लग्नघरी नवरदेव उसना मागण्यासारखे आहे. उलट विहिरींना पाणी असते, घरोघरचे ड्रम मोकळे असतात. देवी म्हणून ड्रमज.

२६ जानेवारी आणि गॅदरिंग बाकज, हे सांगणे नलगे. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती येते. तोवर तूर घरात आलेली, जमीन टणक, ट्रॉली मोकळी. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांना तिन्ही वर्गांतून निवड करता येते. या शास्त्रातला हा सुवर्णकाळ.

चैत्र मात्र घातवेळ. रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिल असे एकामागून एक सण. आणि नेमक्या त्याच वेळी पावसाआधी घर उरकायचे म्हणून प्लेटा कुणाच्या तरी ओल्या स्लॅबखाली अडकलेल्या. स्लॅब मुरल्याशिवाय त्या सुटत नाहीत. ड्रम पाण्याने भरून दारात. ट्रॉलीत विटा. बिछायतवाला लग्नसराईत गुंतलेला, फोन उचलला तरी भावच सांगतो. अशा वेळी जाणते लोक मारोतीच्या पारावर कार्यक्रम घेतात. पार हलत नाही हे खरे. पण स्टेज चल नसेल तर उत्सव चल करावा, असा अपवाद शास्त्राला मंजूर आहे.

४. भारविचार

गर्दीच्या जागेसाठी इंजिनिअर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरतात. दहा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीला हा हिशेब २८०० किलोंच्या आत येतो. एवढे सोयाबीन ती दरवर्षी कुरकुर न करता वाहते. मग कार्यक्रमात ती का उलटू पाहते?

कारण सोयाबीनचे कट्टे फोटोसाठी मागे सरकत नाहीत.

दोनचाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर असतो. कार्यक्रमाला ट्रॅक्टर आडवा येतो म्हणून तो सोडून नेतात आणि पुढे दगड लावतात. दगड खालून आधार देतो, वरून धरून ठेवत नाही. नाच चालू असतो तोवर काही होत नाही. पोरे पुढच्या कडेला असतात. मग सत्कार सुरू होतो. शाल, श्रीफळ, एकेक नाव. सत्कार झालेला मनुष्य खाली उतरत नाही, मागच्या खुर्च्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आखाच्या मागे माणसे साठत जातात आणि ट्रॉली उलाळ होते. बंडी हाकलेला एखादा म्हातारा हे प्रेक्षकांतून सर्वांच्या आधी ओळखतो आणि ओरडतो, “मांगं नोका सरकू, भाऊ!” हे वाक्य माइकवरून आलेले नसल्याने कोणी ऐकत नाही.

भरतमुनींच्या पहिल्या प्रयोगावर विघ्नांनी हल्ला केला, तेव्हा इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले. आमच्या विघ्नांची नावे पत्रिकेत छापलेली असतात, त्यामुळे हा उपाय बाद. त्याऐवजी दोन उपाय सुचवतो. एक, ट्रॅक्टर जोडलेला ठेवावा किंवा मागच्या टोकाखाली लाकडाचा ओंडका सारावा. दोन, रंगपीठ इतकेच मोठे करावे की कलाकार मावतील आणि पाहुणे मावणार नाहीत. खुर्च्या जमिनीवर मांडाव्यात. पहिला उपाय सोपा आहे. दुसरा कोणत्याही मंडळाच्या बैठकीत मांडून अजून कोणाला जिवंत परत येता आलेले नाही.

५. उपसंहार

काही मंडळे यावर उतारा म्हणून स्वतःचे लोखंडी फोल्डिंग स्टेज करवून घेतात. मग त्याला ठेवायला जागा लागते, जागेला कुलूप, कुलपाला खजिनदार आणि खजिनदाराला विरोधी गट. वर्षाचे तीनशे दिवस त्यावर कुरड्या वाळतात.

स्वस्त स्टेजचे मर्म त्याच्या हलकेपणात नाही. ते मुळात कुठेच नसते, त्यात आहे. एका रात्रीपुरते चार घरच्या वस्तूंना बोलावून आणलेले असते. रात्रीतून ड्रम नळाखाली जातो, प्लेट पुढच्या स्लॅबला, ट्रॉली शेताला. दुसऱ्या दिवशी शोधायला गेल्यावर स्टेज सापडले, तर ते महागात पडले असे समजावे.