कोल्हापूर ते देवगड, व्हाया मटण

कोल्हापूरकर निसर्ग बघायला निघतो तो डिकीत मटणाचं डेचकं ठेवूनच. रंकाळा चालत्या गाडीतूनच उरकला. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं, त्यांच्या पश्चात पुरं झालेलं. त्याचे 7 स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपसूक उघडतात. पुढाऱ्याचा हात न लागता आपल्याकडे काहीतरी उघडतं, हे खरं प्रेक्षणीय स्थळ. पण गर्दी सगळी राऊतवाडी धबधब्याखाली, कारण तिथं भिजता येतं, वर स्पीकरही लावता येतो. फोंडा घाट उतरेपर्यंत डेचकं रिकामं. देवगडच्या दीपगृहापाशी मंडळी समुद्राकडे पाठ करून उभी, चर्चा एकच: “इथं तांबडा-पांढरा कुठं मिळंल, भावा?”