इंजिन फुकट, सवय विकत

गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांना अधूनमधून भारतीय गेम डेव्हलपरांना शहाणं करून सोडण्याची हुक्की येते. मग बंगळुरू, हैदराबाद नाहीतर पुण्यातलं एखादं मोठं हॉटेल गाठून टेक्निकल सेमिनार भरतो. प्रवेश फुकट, टी-शर्ट फुकट, जेवणात पनीर फुकट. इंजिनसुद्धा फुकट! साडीच्या दुकानात मालकानं न मागता चहा सांगितला की जाणत्या बायका पर्स घट्ट धरतात. आमची पोरं मात्र लॅपटॉप उघडून नोट्स घ्यायला बसतात.

पहिलं सत्र ठरलेलं. पडद्यावर गुहा, गुहेत धूळ, धुळीत ऊन. अनरियल इंजिनातल्या नॅनाइट तंत्रामुळे दगडाची कपार न् कपार दिसते, ल्युमेन तंत्रामुळे उजेड भिंतीवर आपटून खरा वाटतो. टाळ्या! हे सगळं चालतंय महागड्या ग्राफिक्स कार्डावर. ऐकणाऱ्याचं गिऱ्हाईक मात्र लोकलमध्ये लटकलंय. हातात दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड, रॅम चार जीबी, स्टोरेज काकांच्या गुड मॉर्निंगांनी तुडुंब. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. फोन तापला की प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो आणि गेम रांगायला लागतो. मध्येच कुणाचा कॉल आला आणि मेमरी कमी पडली, तर अँड्रॉइड बिनदिक्कत मागच्या गेमचा गळा दाबतं. यावर सत्र? ‘वेळ संपलाय, प्रश्न मेलवर पाठवा.’

जेवणानंतर, श्रोते पेंगत असताना, ‘स्थानिक भाषांत गेम आणा’ हा उपदेश. तोही इंग्रजीतून. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो वर्षानुवर्षं देवनागरीपुढे हात टेकून बसलं होतं. ‘शक्ती’ लिहिली की ‘क’चा पाय मोडलेला, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहायची ती मागे लोंबकळत. यावर फॉन्टच्या खटपटी आणि प्लगइन शोधले ते डेव्हलपरांनीच. उपदेश करणाऱ्यांनी स्लाइड तेवढी छान केली होती.

आता बिलाकडे येऊ. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं, की कमाई आणि इन्स्टॉल ठरावीक टप्प्यापलीकडे गेले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लागेल, २० सेंटपर्यंत. तेव्हाचे सोळा-सतरा रुपये. आपल्याकडे गेम उतरवून घेणारे ढीगभर आणि पैसे मोजणारे चिमूटभर, तेव्हा या हिशेबात खेळणाऱ्यांची गर्दी हाच गुन्हा. जगभर बोंब झाली, ऑक्टोबरात युनिटीचे सीईओ जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, शुल्कही गुंडाळलं गेलं. पण अर्धा गेम तयार असलेला माणूस त्या वर्षात जाणार कुठे? इंजिन बदलायचं म्हणजे कोड नव्यानं लिहायचा, हाताला पडलेलं वळण मोडायचं. सेमिनारात विकली जाते ती हीच सवय, आणि तिची पावती कुणी मागत नाही. दहा लाख डॉलरच्या पुढच्या कमाईवर ५ टक्के घेणाऱ्या अनरियलनं निदान आकडा दारावर टांगलाय, हे कबूल.

बरं, आपलं घोडं अडतं कुठे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ हा गेम केला तो अनरियलवरच. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची निधी-मोहीम फसली, गेम बाजारात आला २०२० मध्ये. ऊन-सावलीचं तंत्र त्यांना येत होतं, खिशाचं काय करायचं हा प्रश्न होता. पण करार कसा वाचावा, प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम कशी काढावी, अटी मध्येच बदलल्या तर काय करावं, या विषयांवर कुठली इंजिन कंपनी कशाला हॉल भाड्यानं घेईल?

तरी यजमानांना एक विनंती. पुढच्या वेळी तो गुहेचा डेमो दहा हजारांच्या फोनवर दाखवा. मे महिन्यात, एसी बंद करून, बॅटरी २० टक्क्यांवर असताना. चालला तर उभं राहून टाळ्या वाजवू. नाही चालला, तर मंचावर इथले डेव्हलपर बसवा आणि तुमचे इंजिनिअर वही-पेन घेऊन समोर पाठवा.