तेलदर्शन विधी

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. शनिवारी बंपरला नवी लिंबू-मिरची न चुकता लागते. बॉनेट उघडून आतलं तेल बघण्याची मात्र आपल्याकडे प्रथा नाही. भक्तीतली ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील व्रत. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी करावं.

साहित्य : धागे न सुटणारं स्वच्छ सुती फडकं. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक. ते पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, न फोडलेल्या पिशवीत सापडतं. अंगात पांढरा सदरा नसावा.

स्थळ : सपाट जमीन. सोसायटीच्या पार्किंगचा उतार वर्ज्य. तिथे तेल चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं आणि गाडी धडधडीत खोटं सांगते.

मुहूर्त : इंजिन गरम झाल्यावर बंद करून ५ ते १० मिनिटं थांबावं. वर फिरणारं तेल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. घाई केल्यास पातळी कमी दिसते. काही कंपन्या थंड इंजिनावर बघायला सांगतात. अशा मतभेदात पुस्तक प्रमाण, शेजारी नव्हे.

विधी : स्टिअरिंगखालची कळ ओढावी. बॉनेट बोटभर उघडून अडेल. जोर न लावता फटीत बोटं घालून दुसरी कळ शोधावी. एवढ्यात दोन गृहस्थ येऊन उभे राहतील. त्यांना आमंत्रण लागत नाही. बॉनेटला दांडीचा टेकू द्यावा. पिवळ्या किंवा केशरी कडीची डिपस्टिक ओढून काढावी. पहिलं दर्शन ग्राह्य नाही, कारण उडालेल्या तेलाने ती वरपर्यंत माखलेली असते. पुसावी, पूर्ण आत सारावी, पुन्हा काढावी आणि मग वाचावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी.

फलश्रुती : रेघ खालच्या खुणेखाली गेली, तर पंप तेलाऐवजी हवा ओढू शकतो आणि पुढे मेस्त्री “इंजिन खोलावं लागेल” हे वाक्य उच्चारतो. वरच्या खुणेपलीकडे गेली तरी पुण्य नाही. क्रँक तेल घुसळून फेस काढतो आणि फेसाने वंगण होत नाही. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच मोटारींत लिटरभराच्या आसपास असतं. म्हणून तेल कमी असेल, तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच पाव-पाव लिटर घालून पुन्हा बघावं. तेल दुधाळ दिसलं, तर त्यात कूलंट उतरल्याची शंका घ्यावी आणि गाडी जागेवरच ठेवावी. डिझेल गाडीचं तेल काजळीने लवकर काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र पहिले गृहस्थ “जळलंय” म्हणतील. दुसरे थेंब बोटांत चोळून हुंगतील आणि नुसतीच मान हलवतील. दोघांनाही नमस्कार करावा.

निषेध : “लाल दिवा लागला की बघू” असं म्हणू नये. तो दिवा तेलाच्या दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. चालत्या गाडीत तो लागला, तर बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावं.

अपवाद : इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे व्रत नाही. त्यांनी तिसरे गृहस्थ म्हणून येऊन उभं राहावं.