प्रॉपर्टीचे पेपर

प्रॉपर्टीचे पेपर ही श्रीमंत घराण्यांतील गुन्हेगारी दाखवणाऱ्या मराठी मालिकांतील सर्वांत मौल्यवान वस्तू होय. ती बहुधा निळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या फायलीत आढळते. फायलीत तीन ते पाच कागद असतात. त्यांवर गट क्रमांक आहे का, चतुःसीमा आहे का, क्षेत्रफळ किती, हे प्रेक्षकाला कधीही दिसत नाही. कॅमेरा थेट शेवटच्या पानावरच्या रिकाम्या रेघेवर जातो, वीज कडाडते आणि जाहिराती लागतात. त्या रेघेवर नायिकेची सही झाली की बंगला, कंपनी, फार्महाऊस, सासऱ्यांची खुर्ची आणि देव्हारा हे सर्व त्याच क्षणी खलनायिकेचे होते. सही झाली काय, न झाली काय, मालिका आणखी दोनशे भाग चालते.

पेपर बंगल्यात राहतात. चित्रीकरणासाठी तो मढला किंवा घोडबंदर रस्त्याला भाड्याने घेतलेला असतो. कथेत तो पुण्याचा, नाशिकचा किंवा कोल्हापूरचा असतो. यवतमाळचा सहसा नसतो. वास्तविक यवतमाळात बंगल्यांची वाण नाही. लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा ही एके काळची गावे आता उपनगरे झाली आहेत. जिथे कापसाची पऱ्हाटी उभी राहत असे तिथे ‘मातृछाया’, ‘आशीर्वाद’ आणि ‘कष्टाचे फळ’ उभे आहेत. कष्ट कोणाचे, हे पाटीवर लिहिण्याची पद्धत नाही. शेत एकराने घ्यायचे, एनए, म्हणजे बिगरशेती, झाले की फुटाने विकायचे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. उपनगर वसवायला एवढे अंकगणित पुरते.

सही मिळवण्याच्या मान्यताप्राप्त पद्धती तीन आहेत. पहिलीत पेपर देणगीच्या पावत्यांत मिसळून, नायिका हळदीकुंकवाच्या गडबडीत असताना तिच्यापुढे धरतात. दुसरीत तिला दुधातून गुंगीचे औषध देऊन झोपेत अंगठा उमटवतात. तिसरीत नवऱ्याचा अपघात झाल्याचे सांगून ‘ऑपरेशनचा फॉर्म’ पुढे करतात. नायिका उच्चशिक्षित असते. काही कथांत ती वकीलही असते. वाचत मात्र नाही.

इथे एक बारीकशी कायदेशीर अडचण येते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि १९०८ चा नोंदणी अधिनियम पाहता शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता दिवाणखान्यातल्या सहीने विकली जात नाही. दस्त नोंदवावा लागतो. म्हणजे रात्री मिळवलेली सही घेऊन खलनायिकेला सकाळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागणार, आणि जिची सही चोरली तिलाही सोबत न्यावे लागणार. कारण दस्त लिहून देणाऱ्याने, मुखत्यार नेमलेला नसेल तर, स्वतः हजर राहून ‘होय, हा मी करून दिला’ असे म्हणायचे असते. रिक्षा कोणी करायची, हा पहिला प्रश्न. दोघींचे आधारकार्ड, पॅनकार्ड, शिवाय ओळख पटवायला दोन माणसे. बंगल्यातली सगळी माणसे कटात असल्याने ती सहज मिळतील. मग टोकन. मग बाकड्यावर शेजारी शेजारी दोन तास. जेवणाच्या सुटीत खलनायिका डबा काढणार आणि नायिका सोशिक असल्याने तिला लोणचे वाढणार. मग मुद्रांक शुल्क. नवरा, बायको, मुले, नातवंडे आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेत बक्षीस द्यायचे तर महाराष्ट्रात अवघे २०० रुपये मुद्रांक लागतो. पण या यादीत जाऊ नाही. शंभर भाग कट रचणाऱ्या जावेने ही यादी एकदा तरी वाचायला हवी होती. इतर कोणाला दिले तर शुल्क बाजारमूल्यावर टक्केवारीने बसते, आणि बंगल्याचे बाजारमूल्य मालिकेत सारखे ‘पाचशे कोटी’ म्हणून सांगितलेले असते, ते तिच्या अंगाशी येणार. त्यानंतर नायिकेला वेबकॅमेऱ्यासमोर बसवून हनुवटी वर करायला सांगतील आणि यंत्रावर अंगठा ठेवायला लावतील. कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, तो तीनदा पुसून, पाणी लावून पुन्हा ठेवावा लागतो. हिचा पहिल्या झटक्यात उमटेल. एवढ्यात सर्व्हर डाऊन. उद्या या. उद्या लिंक नाही. परवा शनिवार. समजा नोंदणी झाली, इंडेक्स टू हाती आला; अजून सातबारा बाकी आहे. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि ज्या घरात चहात साखर कमी पडली तरी सगळे कुटुंब दिवाणखान्यात गोळा होते त्या घरात हरकत येणार नाही असे मानणे कठीण आहे. हरकत आली की सुनावणी, आणि मंडळ अधिकारी निवडणुकीच्या कामात. कोणत्याही खलनायिकेचा दुष्टपणा एवढ्या कालावधीत टिकत नाही. ती थकून नायिकेबरोबर भाजी निवडायला बसेल.

पेपरांचा शेवटही ठरलेला आहे. महाएपिसोडमध्ये नायक येतो, फाईल हिसकावतो आणि पेपर फाडतो. तुकडे हवेत उडतात, सासूबाई हात जोडतात, मालमत्ता मूळ मालकाकडे परत जाते. फाडलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल अर्ज करून आणि शुल्क भरून पुन्हा मिळते, ही गोष्ट नायकाला कोणी सांगत नाही.

पेपर चोरण्याचे प्रत्यक्ष काम घरगड्याकडे असते आणि गडी वऱ्हाडी बोलतो. ही वऱ्हाडी मुंबईत तयार होते: प्रमाण मराठी वाक्य घ्यावे, शेवटी ‘बे’ लावावा, मध्ये एक ‘बावा’ टाकावा, वऱ्हाडी तयार. यवतमाळ जिल्ह्यातच वणी-झरीकडची बोली वेगळी, पुसद-उमरखेडची वेगळी, त्याच जिल्ह्यात कोलामी आणि गोंडीही बोलतात, याच्याशी लेखकाला कर्तव्य नसते. मालक प्रमाण बोलतो, पोलीस प्रमाण बोलतो, न्यायाधीश तर शब्दकोशासारखा बोलतो. ताटातली जिलबी चोरणारा, टीव्हीमागे लपून ऐकणारा आणि पाचशे रुपयांत फुटणारा तेवढा आमच्याकडचा. वऱ्हाड प्रांताने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या कापूस पाठवला. मुंबईने परतफेड म्हणून गड्याची भूमिका दिली. तीही लहान.

पेपरांचा खरा उपयोग मालिकेबाहेर होतो आणि त्यात वीज कडाडत नाही. पेरणी तोंडावर आलेली असते. बँकेत जुनी थकबाकी दिसते, म्हणून नवे पीककर्ज मिळत नाही. मग शेतकरी उपनगरातल्या बंगल्यावर येतो. बंगल्याच्या मालकाचे कृषी केंद्र असते, किंवा प्लॉटचा धंदा, किंवा नुसतीच प्रतिष्ठा. पैसे मिळतात. व्याज महिन्याला शेकडा पाच, म्हणजे वर्षाला साठ. नाहीतर दीडी, म्हणजे पेरणीला दहा हजार घ्यायचे आणि कापूस निघाला की पंधरा द्यायचे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारणी कर्जावर बारा टक्के, असा दर ठरवून दिलेला आहे. तो परवानाधारक सावकारासाठी आहे. बंगल्याच्या मालकाकडे परवाना नसतो, त्यामुळे तो दर आपल्याला लागू नाही असे तो प्रामाणिकपणे मानतो.

तारण म्हणून शेताचे खरेदीखत होते. ‘खरेदी लावून दे, काळजी काहून करतं? पैसे आले का पलटवून देऊ.’ एवढे वाक्य बोलले जाते आणि ते कोणत्याही दस्तात लिहिले जात नाही. बाकी सर्व लिहिले जाते. मोबदला पूर्ण मिळाला, कब्जा दिला, कोणाचा दबाव नाही, स्वखुशीने करून दिले. गुंगीचे औषध लागत नाही. शेतकरी शुद्धीवर असतो, एसटीने येतो, तिकीट स्वतः काढतो, टोकन घेऊन बाकड्यावर बसतो, वेबकॅमेऱ्यात बघतो, उमटत नसलेला अंगठा चौथ्यांदा ठेवतो आणि ‘मान्य आहे का?’ या प्रश्नाला ‘हो जी’ म्हणतो. जी कार्यपद्धती खलनायिकेच्या गुन्ह्याला आवरायला पुरेशी ठरते, तीच इथे गुन्ह्याला शिक्के मारून देते. कार्यालयाचाही दोष काढता येत नाही. दस्त खरा आहे, सही खरी आहे, खोटे आहे ते फक्त न लिहिलेले वाक्य.

हा प्रकार नवा नाही. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात मोजणी होऊन रयतेच्या नावावर जमीन लागली. ती विकता येऊ लागली, म्हणजेच तारणही ठेवता येऊ लागली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला, कर्ज सहज मिळू लागले. भाव उतरला तेव्हा कर्ज तेवढेच राहिले. पुण्याकडच्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. दख्खनच्या त्या दंग्यांत कागद मुकाट हवाली करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हातही लावला गेला नाही. प्रॉपर्टीचे पेपर ही काय वस्तू आहे हे त्या निरक्षर लोकांना आजच्या पटकथालेखकांपेक्षा नीट कळलेले होते. १८७९ साली त्या भागासाठी कायदा आला आणि शेतकऱ्याचे रोखे सरकारी निबंधकासमोर लिहिले जाऊ लागले.

आजच्या कायद्यात उपाय आहे, असेही नमूद केले पाहिजे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरेदीखताच्या पोटात सावकारी होती असे चौकशीत ठरले तर जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देऊ शकतो. फक्त ते ठरले पाहिजे. ठरवायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पुन्हा कागद. एका बाजूला नोंदणीकृत दस्त, इंडेक्स टू आणि फेरफार. दुसऱ्या बाजूला ‘पलटवून देऊ’ हे हवेत विरलेले वाक्य. साक्षीदार आहेत, पण ते कृषी केंद्रात कामाला आहेत.

यानंतरही कागद सुटत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर शासनाची मदत एक लाख रुपये आहे: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. २००६ पासून हा आकडा शासनाच्या कागदावर ठाण मांडून आहे. या काळात मालिकांतल्या बंगल्याची किंमत पाच कोटींवरून पाचशे कोटींवर गेली. मदतीसाठी समिती बसते आणि मेलेला माणूस पात्र की अपात्र ते ठरवते. कुटुंबाच्या नावे जमीन हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. म्हणजे ज्याचे सगळे शेत ‘विश्वासाने’ बंगल्याच्या नावावर गेले तो कागदावर शेतकरीच उरत नाही, आणि ज्याने बिनपरवान्याचे कर्ज घेतले त्याला कर्जच नव्हते. त्याच्याकडे ना जमीन होती ना देणे होते. तो उगाच मेला. ज्या कागदाने त्याला मारले तोच कागद त्याच्या बायकोसमोर ठेवून ‘यात तुमच्या नवऱ्याचे नाव दिसत नाही’ असे सांगितले जाते. सातबारा कोरा करा, अशी मागणी वर्षानुवर्षे होते आहे. याचा झाला, नावासकट कोरा. याला गुन्हा म्हणत नाहीत. यात वीज कडाडत नाही, कॅमेरा तीनदा वळत नाही, कोणी महाएपिसोड करत नाही. कारण यात जिना नाही, झुंबर नाही, आणि रडणाऱ्या बाईच्या अंगावर साडी भारी नाही. अपात्र. हा शब्द मृताबद्दल वापरताना कोणाची जीभ अडखळत नाही, आणि निळी फाईल उघडली की उभा महाराष्ट्र श्वास रोखून धरतो.

मालिकेचा प्रेक्षक बंगल्यातही असतो. रात्री आठ वाजता दिवाणखान्यात सगळे कुटुंब बसते. नायिका पेन हातात घेते तेव्हा घरच्या बाई कळवळून म्हणतात, ‘अगं, सही करण्याआधी वाच तरी!’ मालक मान डोलावतात. लोक किती नीच असतात असे म्हणतात. आणि जाहिराती लागल्या की समोरच्या खोलीत जातात. तिथे एक माणूस संध्याकाळपासून थांबलेला असतो, त्याला सकाळी दहाला कार्यालयात यायला सांगतात, आणि मालिका सुरू होण्याआधी परत येतात.

मालिका संपल्यावर निळी फाईल सामानाच्या खोलीत जाते आणि तिथून पुढच्या मालिकेत. आतले कागद बदलण्याची गरज पडत नाही. खऱ्या पेपरांची नोंद मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पुस्तक क्रमांक १ मध्ये होते, आणि नियमाप्रमाणे हे पुस्तक कायमचे जपून ठेवले जाते.