दीड तासाची सवलत

रिट्रीटहून, म्हणजे चर्चच्या मौन-साधनेहून, आलेला माणूस सर्वांत जास्त कशावर बोलत असेल, तर मौनावर. आमच्या बोरीवलीच्या आयसी कॉलनीत ही कथा हमखास जेवणाच्या टेबलापासून सुरू होते. बोलायचं नाही आणि आमटी अळणी. मग भुवया उडवायच्या, चमचा वाजवायचा, शेजाऱ्याला कोपर लावायचं. शेजारी ध्यानस्थ. मीठ त्याच्याच पुढ्यात.

तशी बोरीवलीला एकांताची सवय जुनी. मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी प्रार्थनास्थान केलं, वर मठही बांधला. (आधीच्या उपासकांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.) म्हणजे शांत जागेवरून भांडणंसुद्धा आपल्याकडे नवी नाहीत.

अंधेरीला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर जेझुइटांचं विनयालय आहे. मुंबईतच जन्मलेले अँथनी डिमेलो १९४७ साली इथेच जेझुइट संघात दाखल झाले, तेव्हाची अंधेरी जवळजवळ गावाबाहेरची. आता डोक्यावर विमान, पलीकडे मेट्रो. त्याची सोय डिमेलोंनी जणू आधीच करून ठेवली. १९७८च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकात आवाजांशी झगडायचं नाही, ते नुसते ऐकायचे, असा एक अभ्यास आहे. हिमालयातल्या साधूला याची गरजच पडली नसती. उपनगरवाल्यांना हा प्रसाद.

मौन जमलं तरी एकांत मिळायला हवा ना! प्रभू येशू पहाटे अंधारात उठून एकटाच प्रार्थनेला गेला, तर पेत्र आणि मंडळी शोधत पोहोचलीच : सगळे तुमची वाट बघताहेत म्हणून. मोबाइल नव्हते तेव्हाची ही गत.

जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची संपूर्ण साधना तीस दिवसांची. एवढी रजा मागितली, तर साहेब कायमचंच मौन देतील. पण १५४८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात कामाधंद्यात अडकलेल्यांसाठी सवलत आहे : घर न सोडता रोज दीड तास.

तेवढा वेळ मला मिळतो तो चर्चगेट लोकलमध्ये, जाता-येता मिळून. खिडकी पकडून मी डोळे मिटले. पण आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे.

“अहो, नुसते काय बसलात? धरा हे टाळ,” एक काका म्हणाले.

मी गळ्यातला क्रूस दाखवला.

“मग काय झालं? तुमच्या रेव्हरंड टिळकांनी भजनंच रचली ना?”

यावर मौनाशिवाय उत्तर नव्हतं. हल्ली अंधेरीपर्यंत टाळ माझ्याकडे असतात.