आतल्या गोटातले

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि एक गोटकाका.

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वापरत नाही. काकांचं दर दुसरं वाक्य 'आतल्या गोटातून कळलंय' असं सुरू होतं, त्यावरून पोरांनी हे नाव पाडलं. काकांना ते ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. आपल्याला गोट आहे हे सर्वांना मान्य झालं, यात ते खूश आहेत. या गोटाचा मी एकदा माग काढला, तर तो डोंबिवली स्टेशनबाहेरच्या एका टपरीपाशी येऊन संपला. तिथे एक पोरगा फोनच्या काचा आणि बॅटऱ्या बदलून देतो. दिवसभर फोन उघडून बसलेला असतो, त्यामुळे आतली बातमी त्याच्याकडे असते हे अक्षरशः खरंच म्हणायला हवं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी बिलं केली. तारेला कधी हात लावला नाही. पण लावणाऱ्यांच्या शेजारी बसून चहा प्यायले, आणि इमारतीच्या दृष्टीने तेवढं पुरेसं आहे. घरात लँडलाइन अजून आहे. तिच्यावर क्रोशाचा रुमाल आहे.

राजकारण, क्रिकेट, पाणीकपात हे विषय त्यांनी इतरांना सोडून दिले आहेत. त्यांचा प्रांत मोबाइलचा, आणि त्यातही दोन खाती: कोणत्या फोनमध्ये कारखान्यातूनच खोट आली आहे, आणि कोणत्या फोनला नवं कुलूप येतं आहे. पहिल्या खात्याची बातमी ते दबक्या आवाजात देतात. दुसऱ्या खात्याची बातमी द्यायच्या आधी स्वतःचा फोन पालथा ठेवतात.

काकांच्या आयुष्यात एक सोन्याचा दिवस येऊन गेला. २ सप्टेंबर २०१६, शुक्रवार. सॅमसंगने नोट ७ हा आपला नवाकोरा फोन परत मागवला. पंचवीस लाख नग! बॅटऱ्या पेट घेत होत्या. तो फोन त्याच दिवशी भारतात विक्रीला यायचा होता, तो आलाच नाही. सोमवारी गणपती बसले, आणि त्या वर्षी मांडवात गर्दी मूर्तीपुढे होती त्याहून जास्त काकांच्या खुर्चीभोवती होती. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांनी दीड दिवसांत इतक्यांदा म्हटलं की आरतीच्या वेळी घसा बसला होता.

त्यांनी सांगितलं होतं हे खरं आहे. फक्त त्या ऑगस्टात त्यांनी एकूण सात फोन पेटतील असं सांगितलं होतं.

पुढे विमानात उद्घोषणा सुरू झाली की हा फोन कुणाकडे असेल तर तो बंद ठेवावा. काकांचे जावई त्याच महिन्यात दिल्लीला गेले होते. त्यांनी ती ऐकून घरी कळवलं. आपला शब्द तीस हजार फुटांवर गेला, याचं काकांना इतकं भरून आलं की त्यांनी जावयाचा दुसऱ्यांदा मानपान केला. बदली म्हणून दिलेले फोनही पेटू लागले आणि ११ ऑक्टोबरला कंपनीने उत्पादनच थांबवलं, तेव्हा नेमका दसरा होता. काका आमच्याकडे सोनं द्यायला आले. हातात आपट्याची पानं आणि तोंडावर विजयादशमी.

गंमत त्यानंतरची आहे. पुढच्या जानेवारीत कंपनीने तपासाचा निकाल सांगितला. बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या आणि दोन्हींत वेगवेगळी खोट होती. एकीच्या कोपऱ्यात जागा इतकी कमी पडली की आतली पट्टी दुमडली. दुसरीत जोडकामाच्या वेळी धातूचे बारीक काटे राहिले, ते आतला पडदा टोचून पलीकडे गेले. झालं, एवढंच. मी हे मोठ्या उत्साहाने काकांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. कोपरा आवळला? काटा राहिला? ही काय कारणं झाली? असं तर आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचंही होतं. त्यांना यात एक दुसरी कंपनी हवी होती, रात्रीच्या पाळीत घुसलेला एखादा माणूस, निदान एखादा चिनी हात. खऱ्या दोषाला खलनायक नसतो, तो कुठल्यातरी पुरवठादाराच्या यंत्राखाली मिलिमीटरच्या अंशात घडतो. आणि मिलिमीटरवर मांडवातली खुर्ची भरत नाही.

म्हणून काका बातमी पूर्ण करतात. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. त्यांनी पदरचं कधीही सगळंच्या सगळं सांगितलेलं नाही. मुळात थोडं असतं. ते वाढवतात, जसं चार पाहुणे अचानक आले की काकू आमटी वाढवतात.

मध्यंतरी ७७७८८८९९९ या नंबराची आवई उठली होती. या नंबरावरून फोन येतो, उचलला की हातात फुटतो. काकांनी रात्री साडेदहाला दारोदार जाऊन सांगितलं. मी म्हटलं, "काका, हे नऊच आकडे आहेत. आपल्याकडे मोबाइलचा नंबर दहा आकडी असतो." काका क्षणभर थांबले. बिलं करण्यात हयात गेलेला माणूस; आकडे मोजले, पटले. मग म्हणाले, "तेच तर! दहावा आकडा दाबला की फुटतो."

नंतर *#२१# आलं. हा आकडा फिरवला की आपला फोन कुणी चोरून ऐकतंय का ते कळतं, असा निरोप फिरत होता. वास्तविक त्याने आपले कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेले आहेत की नाहीत एवढंच दिसतं. काकांनी चोवीसच्या चोवीस बिऱ्हाडांना समोर बसवून तो फिरवायला लावला. सगळ्यांच्या पडद्यावर 'वळवलेले नाहीत' असं आलं. सगळ्यांना हायसं वाटलं, काकांना सोडून. "चोर कधी पाटी लावतो का?" एवढंच बोलून ते उठले. यात एक विनोद नियतीनेही केला. कॉल वळवायला लावून पासवर्ड पळवण्याची फसवणूक पुढे खरोखरच इतकी बोकाळली की दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# छापाचे आकडे फिरवून कॉल वळवण्याची सोय कंपन्यांना बंद करायला लावली. काकांनी ते कात्रण लिफ्टमध्ये चिकटवलं. लिफ्टमध्ये आता आठ कात्रणं आहेत. आरसा होता, तो दिसत नाही.

पण गोटकाकांची खरी बहार पाहायची तर २०१८ चा ऑगस्ट. लोकांच्या फोनमध्ये, त्यांनी न टाकताच, आधारची मदतसेवा म्हणून १८००-३००-१९४७ हा नंबर येऊन बसला होता. ही अफवा नव्हती. माझ्याही फोनमध्ये तो निघाला आणि मी, जो काकांना हसत होतो, मुकाट त्यांच्या दाराची बेल दाबली. गॅलरीत अर्धी इमारत जमलेली. काका आरामखुर्चीत. गूगलने लगेच खुलासा केला की २०१४ साली फोन सुरू करण्याच्या प्रणालीत हा नंबर चुकून आमच्याकडूनच घातला गेला होता, कुणाच्या फोनमध्ये कुणी घुसलेलं नाही. आधारवाल्यांनीही तो नंबर आपला जुना झालेला असल्याचं सांगून हात वर केले. काकांनी दोन्ही खुलासे शांतपणे वाचून दाखवले, चष्मा काढला आणि विचारलं, "चार वर्षं एवढा मोठा नंबर कुणाला दिसला नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. काकांशी वाद घालताना अडचण होते ती हीच: दहातला एखादा प्रश्न ते असा विचारतात की उरलेले नऊ उगाच तोलामोलाचे वाटू लागतात.

त्याच सुमाराला व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. काकांनी ती स्वतःवरची कारवाई समजली. इमारतीच्या ग्रुपवर तर केवळ सेक्रेटरीला लिहिता येतं, तेही काकांच्याच कृपेने. त्यामुळे आता एकेकाला पाठवायचं, पाच-पाचांच्या पंगती बसवून. चोवीस बिऱ्हाडांना पाच पंगती पुरतात, शेवटच्या पंगतीत एक पान रिकामं राहतं. तिथे ते जावयाला बसवतात.

कुलपांच्या खात्यात काका जरा जास्त गंभीर. २०१३ साली ॲपलने बोटाच्या ठशाने उघडणारा फोन आणला आणि जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो घेऊन, त्यावरून खोटं बोट करून, काही दिवसांतच तो उघडून दाखवला. ही बातमी काकांना कळली त्या दिवसापासून ते चहाच्या टपरीवर कटिंग प्यायल्यावर ग्लास रुमालाने पुसून परत देतात. चहावाल्याला वाटतं माणूस टापटिपीचा आहे. लग्नात पंगत उठली की ते स्टीलचं भांडं पुसतात, पाण्याचा जगही पुसतात. २०१९ साली सॅमसंगच्या एका फोनवर पडद्याचं स्वस्तातलं कव्हर चढवलं की कुणाचंही बोट चालतं, असं निघालं. कंपनीने दुरुस्ती दिलीही लवकर, पण काकांनी तोवर इमारतीतल्या सगळ्यांची कव्हरं काढून घेतली होती. नंतरच्या पंधरवड्यात चार फोनच्या काचा फुटल्या. टपरीवरच्या पोराचा धंदा बरा झाला. मी काही सुचवत नाही.

चेहरा पाहून उघडणारा फोन २०१७ मध्ये आला तेव्हा ॲपलने सांगितलं की भलत्याच माणसाच्या चेहऱ्याने तो उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक. काकांनी पाठकोरा कागद घेतला. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी. "म्हणजे मुंबईतच माझ्यासारखे बारा जण फिरतायत," ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "एकाला तरी पाठवा, किराणा आणायला होईल."

आता काकांच्या स्वतःच्या फोनबद्दल. तो मुलीने लग्नात मागे टाकलेला. काच कोपऱ्यातून तडकलेली. बोटाचा ठसा तो घेत नाही; बिलं मोजून मोजून काकांचं बोट गुळगुळीत झालं आहे. म्हणून चार आकडी कुलूप. ते आकडे मला ठाऊक आहेत, तुम्हालाही सांगितले असते, कारण ते आमच्या जिन्यात सर्वांना ठाऊक आहेत: काका खाली निघाले की काकूंना फोनमधलं काही पाहायचं असतं आणि काका दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्याला ते आकडे खणखणीत आवाजात सांगतात. दूधवाल्याने एकदा वरून दुरुस्तीही केली होती.

नवा फोन ते घेणार आहेत. दर दिवाळीला घेणार असतात. पण कसा घेणार? २०१० साली आयफोन ४ डाव्या कोपऱ्यात धरला की रेंज जायची, कंपनीने शेवटी फुकट कव्हरं वाटली. "फोन हातात धरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा?" २०१४ साली आयफोन ६ प्लस खिशात वाकायला लागला. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं की बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनचा वेग आपणच कमी करतो, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. त्या दिवशी काका कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मलाही खात्याने असंच केलं होतं, शेवटची चार वर्षं." त्या बाबतीत मी त्यांच्याशी कधी वाद घातलेला नाही.

२०२३ साली सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा इमारतीतले झाडून सगळे फोन एकदम किंचाळले. हा चाचणीचा संदेश आहे, दुर्लक्ष करा, असं त्यावर लिहिलं होतं. काकांचा फोन तेवढा गप्प राहिला. आयुष्यभर धोक्याची घंटा वाजवत आलेल्या माणसाला खरी घंटा वाजताना शेजारणीने येऊन सांगावं लागलं. ते दोन दिवस खाली उतरले नाहीत.

गेल्या आठवड्यात पावसात माझा फोन भिजला. ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी तो आणखी बिघडेल, असं ॲपलने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलेलं मी वाचलं होतं. काकांना ते दाखवायला गेलो. "त्यांचा तांदूळ वेगळा," काका म्हणाले आणि कोलमचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. काकूंनी वरून दोन मुठी घातल्या. मी शिकलेला माणूस आहे. मी फोन आत ठेवला.

तो अजून डब्यातच आहे. तोवर कुणाचं माझ्याकडे काही काम निघालं तर गोटकाकांच्या लँडलाइनवर फोन करावा. ते निरोप नक्की देतात. थोडा वाढवून देतात, एवढं धरून चालावं.