अण्णांचं मशीन

कुंभारीत कुणाचं कानातलं शेतात पडलं की पहिला निरोप अण्णांना. अण्णा लगेच निघत नाहीत. आधी अंगठी काढतात, घड्याळ काढतात, पट्ट्याची पँट उतरवून नाडीचा पायजमा चढवतात. अंगावर लोखंड ठेवून मेटल डिटेक्टर धरणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. एवढं होईस्तोवर कानातलं बाईच्या पदरातच अडकलेलं मिळतं.

"मशीन घेऊ म्हणतो" असं कुणी चुकून बोललं की संध्याकाळ गेली. "किती खोल बघतंय, हे दुकानदाराला विचारू नको बे. ग्राउंड बॅलन्स हातानं करता येतो का, तेवढं बघ. आपली काळी माती बसाल्टची, तिच्या पोटातच लोह. साधं मशीन इथं पावलागणिक बोंबलतंय." हे खरं आहे. मोठी कॉइल खोल बघते पण बारीक चमकी सोडते, हेही खरं. अण्णांचं सगळं खरंच असतं. सापडतात मात्र बाटल्यांची झाकणं.

दोष मशीनचा कधीच नाही. वरून विजेची तार गेलेली असते, शेजारी बोअरची मोटर चालू असते. अगदीच कोंडी झाली की अण्णा 1881 सालात शिरतात. अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेला होता. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला म्हणतात. "बेलला गादी नडली, मला माती!"

घरात मशीनचा थाट जावयाचा. काम झालं की सेल बाहेर, कॉइलला ओलं फडकं, दांड्याला वायर घट्ट गुंडाळलेली. सैल हलली तरी ते ओरडतं. ते फडकं सुनेनं एकदा ओट्यावर फिरवलं, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण अबोल्यात झालं.

2024 च्या जानेवारीत पंतप्रधान कुंभारीतल्याच रायनगरच्या घरकुलांसाठी आले. गाव भाषणाला गेलं, अण्णा प्रवेशाची चौकट तपासायला. खिशात मुद्दाम किल्ल्या. चौकट वाजली, तसे पोलिसाला म्हणाले, "बराबर आहे, ठेवा."

गुप्तधनाचा कायदा त्यांना पाठ आहे: 1878 चा, दहा रुपयांवरचं घबाड सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. अजून कळवायची वेळ आलेली नाही.

परवा एका म्हशीनं चारा सोडला. तार गिळली असावी, असा डॉक्टरांचा संशय. अण्णांनी तिची साखळी आणि घंटा काढायला लावली, पोटाजवळ कॉइल धरली, आणि मशीन खणखणीत वाजलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी.

मालकानं हळूच विचारलं, "अण्णा, कलेक्टरला कळवायचं काय?"